बर्डीवर दाखवून पाहा

नागपुरात मे महिन्यात काहीही मोडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो. भिंतीला भेग गेली, ऊन. स्कूटरची सीट फाटली, ऊन. ठरलेलं लग्न मोडलं तरी मांडववाला ॲडव्हान्स परत न करता म्हणतोच, “उन्हाचे दिवस आहेत जी, डोकी तापतात.” त्यामुळे आमच्या मुलीच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर डाव्या बाजूला भेगांचं जाळं आणि त्या जाळ्याच्या पोटात शाईसारखा काळा डाग दिसला, तेव्हा माझ्या आईनं चष्मा न लावताच निकाल दिला, “उन्हानं तडकला.”

तापमानाच्या बाबतीत आम्ही पुराव्याचे मिंधे नाही. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. ३० मे २०२४ ला तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला, पण तो नागपूरकराच्या मनाला काही पटला नाही. हातातोंडाशी आलेला मान गेला, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. ज्या शहरात तापमान मोजणारं यंत्रच भ्रमिष्ट होतं, तिथं बिचाऱ्या लॅपटॉपनं किती धीर धरावा, हा आईचा मुद्दा तसा बिनतोड होता. फक्त तो लॅपटॉप रात्रभर कूलरच्या झोतात, वाळ्याच्या वासात, घरातल्या प्रत्येक माणसापेक्षा सुखात झोपला होता.

मग घरगुती चौकशी बसली. पत्नीनं सांगितलं, तिनं फक्त टेबल पुसलं. टेबल पुसताना त्यावरचा लॅपटॉप त्या वेळेपुरता कुठे गेला होता, याचा खुलासा तिनं केला नाही. भाचा म्हणाला, त्यानं फक्त मॅच पाहिली. मुलगी म्हणाली, तिनं रात्री झाकण बंद केलं तेव्हा सगळं ठीक होतं. शेवटी कीबोर्डवर, बरोबर भेगेच्या समोर, एक बॉलपेन सापडलं. दुरुस्तीवाले सांगतात की स्क्रीन फुटण्याच्या कारणांत हे फार मानाचं कारण आहे. कीबोर्डवर पेन नाहीतर इअरफोन विसरायचा, झाकण दाबायचं, सकाळी बोंब मारायची. पण त्या पेनावर एका पतसंस्थेचं नाव छापलेलं होतं आणि आमच्या घरात त्या पतसंस्थेत कोणाचंच खातं नाही. पेन कोणाचं, हे सिद्ध होईना. चौकशी गुंडाळली गेली. तसंही नागपूर हे हिवाळी अधिवेशनाचं शहर आहे. चौकशी कशी गुंडाळायची, हे आम्ही दर डिसेंबरात जवळून पाहतो.

फुटलेल्या स्क्रीनची खोडी अशी की ती एकदम मरत नाही. टीव्ही बिघडतो तेव्हा बिघडतो. ही मात्र अर्धी जिवंत राहते आणि माणसाला आशेला लावते. मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम नागपूरच्या घरून करते. तिनं सगळ्या खिडक्या ओढून उजव्या बाजूला नेल्या आणि काम सुरू ठेवलं. डाग रोज थोडा सरकत होता. आधी डावीकडची फोल्डरं गेली, मग मेलमधली पाठवणाऱ्यांची नावं गेली. विषय दिसायचा, पण तो कोणी पाठवला ते कळायचं नाही. तिच्या मते त्यामुळे तिची उत्तरं जास्त निःपक्षपाती झाली.

मग भाच्यानं लॅपटॉप एचडीएमआय केबलनं बैठकीतल्या टीव्हीला जोडून दिला आणि आमच्या घरात एका आयटी कंपनीची शाखा उघडली.

४३ इंचांच्या टीव्हीवर सकाळी साडेदहाला मीटिंग लागायची. आई त्याआधीच पूजा आटोपून समोर बसायची. पहिल्या दिवशी मुलीचा मॅनेजर पडद्यावर आला आणि माइक सुरू असताना आईनं विचारलं, “हा एवढा काऊन वाळला गं? जेवत नाही का?” पुण्यात क्षणभर शांतता पसरली. मग तो मुलगा अत्यंत अदबीनं म्हणाला, “नमस्कार आजी, जेवतो.” तिथून त्या दोघांचं जमलं. पत्नी फोडणी द्यायची थांबायची, कारण मोहरी तडतडली की कोणीतरी हैदराबादहून विचारायचं, “इज देअर सम नॉइज?” मी पेपर वाचण्याचं सोंग करत संपूर्ण टीमचे पगारवाढीचे विषय ऐकले. कोण कामचुकार आहे, कोण दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवतं, हे आईला आठवड्याभरात माझ्या मुलीपेक्षा जास्त नीट कळलं. संध्याकाळी ती फोनवर माझ्या बहिणीला सांगायची, “आज त्या गोऱ्या पोरीनं पुन्हा डेडलाइन चुकवली. सोमवारचं म्हणून राहिली आता. करते कुठं!” दुपारची मालिका तिनं त्या दिवसांत सोडून दिली होती. तिच्या मते या मालिकेत पात्रं निदान काम तरी करतात.

पण मुलीला हे सहन होईना. एका ‘वन टू वन’ मीटिंगला घरातली चार माणसं हजर असणं कंपनीच्या धोरणात बसत नाही, असं ती म्हणाली. स्क्रीन बदलायची ठरली आणि सल्ले सुरू झाले. कॉलनीत फिरायला येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ‘माह्यावाला एक माणूस आहे’ हा माणूस असतोच. डोळ्यांचा असतो, गुडघ्यांचा असतो, आरटीओतला असतो, तसा लॅपटॉपचाही असतो. आणि सगळे सल्ले एकाच वाक्यावर येऊन थांबायचे: “एकदा बर्डीवर दाखवून पाहा ना.” सीताबर्डीच्या बाजाराला आम्ही कोणी सीताबर्डी म्हणत नाही. अन् तिथं वस्तू नेत नाही, दाखवतो. पेशंट दाखवतो तशी.

त्याआधी रीतसर मार्ग म्हणून कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही. तिथं एसी होता, टोकन होतं आणि इतकी नम्रता होती की आपण काही मागायला आलो आहोत हेच विसरायला व्हावं. समोरच्या मुलीनं लॅपटॉप उघडला, बंद केला आणि हळुवार आवाजात म्हणाली, “सर, फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत येत नाही.” अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं, ते आपण घेतलेलं नाही, असंही तिनं सांगितलं. डॉक्टरसमोर बसलेला माणूस आयुर्विम्याची आठवण निघाल्यावर जसा दिसेल, तसा मी दिसलो असणार. मग अंदाजपत्रक आलं. लॅपटॉपच्या किमतीच्या जवळजवळ निम्मं, वर १८ टक्के जीएसटी, आणि पार्ट आला तर दहा-बारा दिवस. “नुसती काच बदलायला एवढे?” मी विचारलं. “सर, आम्ही काच बदलत नाही. वरची पूर्ण असेंब्ली बदलतो.” म्हणजे खिडकीची काच फुटली तर चौकट, बिजागऱ्या आणि पडद्यासकट भिंत.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. वस्तू विकत घेतली तर ती दुरुस्त करून वापरण्याचा हक्कही ग्राहकाला हवा, असा त्यामागचा विचार. चांगला विचार आहे. बर्डीच्या मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांमध्ये मात्र हा हक्क पोर्टलची वाट न पाहता कधीपासून राबवला जातो आहे. तिथं रेडिओ दुरुस्त झाले, टेपरेकॉर्डर झाले, रंगीत टीव्ही झाले, आता मोबाइल आणि लॅपटॉप होतात. बोर्डावरचं नाव आणि आतली वस्तू दर पंधरा वर्षांनी बदलते. सोल्डरिंगचा वास तोच राहतो.

भाच्याचा एक प्रयत्न मध्ये झाला, तो थोडक्यात सांगून टाकतो. तो हिंगणा रोडच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंग करतो, मेकॅनिकल. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतला माणूस पांढऱ्याशुभ्र टेबलावर, निःशब्द खोलीत, अकरा मिनिटांत स्क्रीन बदलून मोकळा होत होता. त्याच्या खोलीत आजी नव्हती. भाच्यानं ऑनलाइन पॅनलचे भाव काढले आणि तिथं पहिला प्रश्न आला: तीस पिनचा की चाळीस पिनचा? याचं उत्तर स्क्रीनच्या मागे लिहिलेलं असतं आणि स्क्रीनच्या मागे जायला आधी स्क्रीन उघडावी लागते. त्यानं चौकटीत एटीएम कार्ड घातलं. ‘कट्’ असा आवाज झाला. तो कार्डाचा होता की चौकटीचा, हे कळण्याआधीच मुलीनं लॅपटॉप हिसकावून घेतला. कार्डाचा होता. कार्ड माझं होतं.

बर्डीला आम्ही मेट्रोनं गेलो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असला तरी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. मोदी गल्लीत दुचाकी लावायला जागा कोणत्या तारखेला उघडते, हे अजून कोणी जाहीर केलेलं नाही. इंटरचेंज स्टेशनला उतरून, कपडे, चपला, गॉगल आणि मोबाइलच्या कव्हरांमधून वाट काढत आम्ही कॉलनीतल्या एका काकांच्या ‘माह्यावाल्या माणसा’च्या दुकानात पोहोचलो. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे एक पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर गुडघे दुमडून बसलेला एक मुलगा, ज्याचे फक्त हात दिसत होते.

“भैया, ये लॅपटॉप का स्क्रीन गया है,” मी म्हणालो.

“कब से गया है?”

“हुआ होंगा आठ-दस दिन.”

“गिरा था क्या?”

“नहीं नहीं, गिरा नहीं. रखा हुआ था.”

इतक्यात त्याचा फोन वाजला. “हाव आई, खाल्ला डबा. अन् कारलं काऊन दिलं पण? …बरं बरं, येतो.” फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. दोघंही मराठी आहोत हे दोघांनाही कळलं. तरीही पुढचा काही वेळ आम्ही हिंदीतच बोलत राहिलो. सुरू केलेलं अर्ध्यात टाकणं बरं दिसत नाही. बर्डीवर रोज किती मराठी माणसं एकमेकांशी चुकीच्या हिंदीत घासाघीस करत असतील, याचा हिशोब कोणी मांडला तर राष्ट्रभाषा प्रचारवाल्यांना गहिवरून येईल. शेवटी मुलीनंच मराठीत विचारलं, “दादा, किती लागतील?” आणि दोघांची सुटका झाली.

त्यानं लॅपटॉप सुरू केला आणि भेगांकडे एकटक पाहिलं. हात पाहणाऱ्या ज्योतिष्यानं पाहावं तसं पाहिलं आणि भूतकाळ सांगायला लागला. “एका ठिकाणाहून सगळीकडे भेगा गेल्या ना, म्हणजे झाकणात काही राहिलं. पेन, नाहीतर इअरफोनची गोटी. कोपऱ्यातून निघाल्या असत्या तर एका हातानं कोपरा धरून उचलला, असं समजा. नुसत्या उभ्या रंगीत रेघा असत्या तर केबल पाहिली असती आधी.” मी म्हणालो, घरात कोणीच काही केलं नाही. तो म्हणाला, “इथं येते त्यातल्या कोणीच काही केलं नसते, काकाजी.”

मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिला.

“ओरिजनल दाखवू, का चांगला दाखवू?”

मी गोंधळलो. ओरिजनल म्हणजेच चांगला, अशा समजुतीत माझ्या आयुष्याची बरीच वर्षं गेली आहेत. त्यानं धीरानं समजावलं. एक असतो ‘ओरिजनल’. दुसरा ‘कंपनी ओरिजनल’, तो पहिल्यापेक्षा महाग. तिसरा ‘ओरिजनलच समजा’. चौथा ‘काढलेला ओरिजनल’, म्हणजे ज्या लॅपटॉपचा बोर्ड जळला त्याच्या अंगावरून उतरवलेला. वयानं मोठा, पण खात्रीचा. पाचवा ‘ए ग्रेड’. या दुकानात बी ग्रेड कधीच नसतो, तो शेजारच्या दुकानात असतो. “मग कंपनी ओरिजनल कोणत्या कंपनीचा?” मुलीनं विचारलं. झाकणावर असलेल्या कंपनीचं नाव तो सांगेल, अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, “ते पाहाच लागन.”

त्यानं पोटमाळ्यावरच्या हातांकडे लॅपटॉप दिला. आधी खालचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी काढली. (भाच्याच्या व्हिडिओत हे होतं, भाच्यानं ते पुढे ढकललं होतं.) मग गिटारवाले वापरतात तसली एक प्लास्टिकची चकती चौकटीत सरकवत नेली. टकटक करत कड्या सुटल्या. पॅनल चिकटवलेली पट्टी हळूहळू ताणून बाहेर काढली. स्क्रीन पालथी झाली आणि तिच्या पाठीवरचा स्टिकर आमच्यासमोर आला. बारकोड, आकडे, तारखा. दुकानदारानं मोबाइलच्या उजेडात पहिलं अक्षर वाचलं. एन. म्हणजे तैवानची इनोलक्स. बी असतं तर तैवानचीच एयूओ, एलपी असतं तर कोरियाची एलजी, एनव्ही असतं तर चीनची बीओई. पुढचा १५६ म्हणजे पंधरा पूर्णांक सहा इंच. झाकणावर ज्या कंपनीचं चकचकीत नाव होतं, ती या पाठीवर औषधालाही नव्हती. “काकाजी, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप एकाच दिवशी घ्या, दोघांत वेगळ्या कंपनीचे पॅनल निघू शकते,” तो म्हणाला. “ज्याचा माल त्या हप्त्यात आला, तो लागला. यात ओरिजनल कोणाला म्हणान?”

मला हे फार आवडलं. चकाचक केंद्रातल्या अंदाजपत्रकावर ‘जेन्युइन’ हा शब्द चार वेळा होता आणि बनवणाऱ्याचं नाव एकदाही नव्हतं. इथं ओरिजनलचे पाच प्रकार सांगणाऱ्या माणसानं निदान पाठ वाचून दाखवली. माणसाची कुंडली पोटमाळ्यावर जास्त खरी निघते, असं माझं मत त्या दिवशी झालं, आणि ते अजून बदललेलं नाही.

नवीन पॅनल गोदामातून यायला ‘दोन मिनिटं’ होती. नागपुरातली दोन मिनिटं म्हणजे एक चहा आणि एक ओळख. ओळख निघाली: दुकानदाराच्या आईचं माहेर काटोलकडचं, माझ्या पत्नीचंही. तिथले संत्र्याचे बगीचे, यंदाचा बहार, गारपीट, हे सगळं झालं. तेवढ्यात एक गृहस्थ गॉगल लावून आत आले आणि टॅब काउंटरवर आपटून म्हणाले, “नवाच घेतला, आडवा धरला का काळा होऊन राहिला.” दुकानदारानं टॅब हातातही घेतला नाही. म्हणाला, “गॉगल काढा ना जी.” गृहस्थांनी काढला. टॅब उभा, आडवा, तिरका, सगळीकडून ठणठणीत. गृहस्थ उन्हात निघून गेले, तेही गॉगल हातात धरून. गॉगल पोलराइज्ड होता. स्क्रीनमधून येणारा प्रकाशही एकाच दिशेनं गाळलेला असतो. दोन्ही चाळण्या एकमेकींना आडव्या आल्या की अंधार.

आता इथं मला माझी विद्वत्ता आवरली नाही. नागपूरकराला चहा आणि श्रोता एकाच वेळी मिळाले की तो आवरूही नये. मी सांगितलं, या काचेच्या दोन पापुद्र्यांमध्ये जो पातळ थर असतो तो द्रव स्फटिकांचा. धड द्रव नाही, धड घन नाही. थर एवढा बारीक की तसे दहा-पंधरा थर एकावर एक ठेवले तर कुठे केसाच्या जाडीला पोहोचतील. मागे एलईडीचा पांढरा उजेड, पुढे-मागे त्या चाळण्या, आणि मध्ये हे रेणू वीज मिळेल तसे वळतात नि प्रकाशाला वाट देतात किंवा अडवतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकाचे लाल-हिरवा-निळा असे तीन भाग, म्हणजे ६२,२०,८०० दारं, आणि प्रत्येक दाराला स्वतंत्र ट्रान्झिस्टर. हे सगळं एका बॉलपेनानं चिरडलं जातं. पतसंस्थेच्या.

आणि हा द्रव स्फटिक पहिल्यांदा कोणाला दिसला? १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रिडरिक रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला. तो गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासूनचा एक पदार्थ तापवला तर तो दोनदा वितळला. आधी गढूळ, मग आणखी तापवल्यावर स्वच्छ. दुसरा कोणी असता तर थर्मामीटर बदलायला बाजारात गेला असता. (आमच्याकडे ५६ अंशांच्या वेळी तेच झालं.)

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राच्या एमएस्सीत पहिला आलेला एक मुलगा होता, शिवरामकृष्ण चंद्रशेखर. सर सी. व्ही. रामन यांचा भाचा. रामन स्वतः १९१० मध्ये सरकारच्या वित्त खात्याच्या नोकरीवर नागपुरात होते. चंद्रशेखर मामाकडे बंगळुरूला संशोधनाला गेले, पुढे म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि १९७१ मध्ये रामन संशोधन संस्थेत परतून त्यांनी द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर जगाला वाटायचं, द्रव स्फटिक व्हायला रेणू लांबट काडीसारखेच हवेत. १९७७ मध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी दाखवून दिलं की चपटे, चकतीसारखे रेणूही ते करतात, एकावर एक रचून खांब उभे करतात. पुढे अशाच चकतीच्या रेणूंची फिल्म स्वस्तातल्या टीएन जातीच्या पडद्यांवर बसू लागली, म्हणजे थोडं बाजूनं पाहिलं तरी चित्र उलटंपालटं दिसत नाही. चंद्रशेखरांचे एक धाकटे भाऊ, पंचरत्नम, ध्रुवीकृत प्रकाशातच रमलेले. त्यांच्या १९५६ च्या शोधाला जगात ‘पंचरत्नम फेज’ म्हणतात. म्हणजे रेणू एका भावाकडे आणि चाळणी दुसऱ्याकडे!

“म्हणजे ही स्क्रीन नागपूरची?” मुलीनं विचारलं.

“तसंच समजायचं,” मी म्हणालो. अभिमानाच्या बाबतीत मी ‘ओरिजनलच समजा’ या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

दुकानदारानं सगळं नीट ऐकलं. कप खाली ठेवला. म्हणाला, “लय मोठी गोष्ट आहे, काकाजी. पण पॅनल तैवानहूनच येते ना. मग भाव नाही कमी होणार.”

भाव मात्र कमी झाला. हिंदीत जो आकडा होता तो मराठीत तीनशेनं उतरला आणि काटोल निघाल्यावर आणखी दोनशेनं. चंद्रशेखरांमुळे काहीच उतरलं नाही. मामाचं गाव सांगावं, मामा-भाचे सांगू नयेत, एवढं मला कळलं. पावती हवी तर अठरा टक्के, नको तर ‘आपल्यातलीच गोष्ट’, असा पर्याय आला. मुलगी पुण्याच्या कंपनीत काम करत असल्यामुळे तिनं पावती मागितली. दुकानदाराला वाईट वाटलं, पण त्यानं दिली.

पॅनल आलं. त्याची पाठ आधी आम्हाला दाखवण्यात आली. अक्षर वेगळं होतं, बी. जुळतं का? “तीस पिन, पेपर, मॅट. तुमचंवालं हेच.” पेपर म्हणजे या धंद्यात सगळ्यात पातळ जातीचं पॅनल. त्याआधीच्या थोड्या जाड जातीला स्लिम म्हणतात. माणसांच्या बाबतीतही हे वर्गीकरण सुरू झालं तर माझं काय होईल, हा विचार मी बाजूला सारला. केबल जोडून, अजून चौकट न बसवताच, पोटमाळ्यावरच्या हातांनी बटण दाबलं आणि माझ्या मुलीचा डेस्कटॉप अर्ध्या मोदी गल्लीला दिसू लागला. मधोमध एक फोल्डर: ‘रेझ्युमे फायनल फायनल ३’. मुलीनं झटकन हात आडवा धरला. मी वर पंख्याकडे पाहिलं. आईला हे सांगू नये, असं आमचं न बोलता ठरलं, कारण आईचं मॅनेजरशी आता चांगलं जमलं होतं.

पडदा आधी पूर्ण पांढरा केला, मग लाल, हिरवा, निळा, काळा. बासष्ट लाखांतलं एकही दार मेलेलं नाही, हे मुलीनं नाक टेकवून तपासलं. कड्या टकटक बसल्या. काउंटरवर एका वाटीत स्क्रू होते, शेकडो, निरनिराळ्या लॅपटॉपांचे. ते कोणाचे, हे मी विचारलं नाही. आमचे सगळे परत गेले, असं मानण्यात माझं हित होतं. वॉरंटी? “बर्न झालं, रेघ आली, तर घेऊन या. फुटलं तर नाही. फुटलं तर तुम्ही काहीच केलं नसते, मला माहीत आहे.”

घरी आल्यावर पहिला अभिप्राय पत्नीचा: रंग फिके वाटतात. दुसरा भाच्याचा: उलट आता निळसर झाला, जुना पिवळट होता. दोन कारखान्यांच्या पॅनलांत एवढा फरक असतोच, पण त्यावर आमच्याकडे रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालला. सर्वांत नाराज आई झाली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती बैठकीत येऊन बसली आणि टीव्ही बंद होता. मुलगी आतल्या खोलीत, दार लावून, हेडफोन घालून. “त्या गोऱ्या पोरीचं काय झालं, सांगजो,” असं म्हणून आई पुन्हा दुपारच्या मालिकेकडे वळली. पण तिचं लक्ष लागत नव्हतं. तिच्या मते आताची पात्रं नुसती रडतात, डिप्लॉयमेंट कोणीच करत नाही.

फुटलेलं पॅनल दुकानदार ठेवून घेणार होता. त्याच्या मागच्या पांढऱ्या उजेडाचा त्याला दुकानात दिवा करायचा होता आणि तसा एक त्याच्या काउंटरवर जळतही होता. पण पत्नीनं फोनवर बजावलं होतं की काढलेली वस्तू सोडून यायची नाही, पैसे आपण दिले आहेत. त्यामुळे ते जुन्या मिक्सरचं भांडं, दोन मोडेम आणि कूलरचा जळलेला पंप यांच्यासोबत माळ्यावर गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर कबाडीवाला आला तेव्हा सगळंच खाली काढलं. त्यानं पंप तोलला, भांडं तोललं, मोडेम बाजूला टाकले. पॅनल मात्र दोन्ही हातांनी उचललं, भेगा पाहिल्या, पालथं केलं, पाठीवरचा स्टिकर बोटानं पुसला आणि मला विचारलं, “ओरिजनल आहे का काकाजी?”